शिवाराचा कार्बन आराखडा: खानापूर ते अथणी, कोणते काम आधी आणि कोणते नंतर

गट स्थापन होतो, रोपांची गाडी येते, जीवामृताची पिंपे भरतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी माती तपासली तर सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पालापाचोळ्यातून मातीत राहणारा कार्बन) जिथल्या तिथे. बेळगाव जिल्ह्याच्या सीमाभागात हे वारंवार घडते आणि त्याचे कारण बहुतेक वेळा कामांचा उलटा क्रम हे असते. बांधावर झाडे लागतात, पण बांधाच्या आत पाचट पेटतच राहते. कंपोस्ट टाकले जाते, पण पहिल्याच मोठ्या पावसात ते ओढ्याला मिळते. मुळात सुरुवातीचे माप घेतलेले नसल्यामुळे वाढ झाली की घट, हेही सांगता येत नाही.

पुढची पद्धत एकट्या शेतासाठी नाही. एकाच ओढ्याला पाणी देणारे २५ ते ६० एकरांचे सलग शिवार आणि त्यातली दहा-वीस घरे धरून ती मांडली आहे. पाणी, वणवा आणि मोकाट जनावरे सर्व्हे नंबर पाहून चालत नाहीत, म्हणून यापेक्षा लहान तुकडा घेऊन फारसे हाती लागत नाही. त्याहून मोठा घेतला तर बैठकांतच वर्ष जाते.

## १. शिवाराची हद्द आणि नकाशा (जानेवारी ते मार्च)

गावाच्या नकाशाची प्रत घ्या आणि प्रत्येक सर्व्हे नंबरची चालू पहाणी (कर्नाटकातला सातबाऱ्यासारखा उतारा) काढा. जागेवर उभे राहून नंबर ओळखायला कर्नाटक सरकारचे ‘दिशांक’ ॲप चालते. पहाणी कन्नडमध्ये असते. ज्यांना ती सहज वाचता येत नाही त्यांनी नाव, क्षेत्र आणि हिस्सा नंबर जाणकाराकडून जुळवून घ्यावा. नाव आजोबांचे आणि कसणारे तीन भाऊ, अशी स्थिती असेल तर ती आत्ताच नोंदवा. शेवटच्या टप्प्यात करार समोर येतो तेव्हा घोळ इथूनच निघतो.

नकाशावर चार गोष्टी वेगवेगळ्या रंगांनी काढा:

- पाण्याची वाट: माथा, उतार, घळी, ओढा, विहिरी, बोअर, कालव्याची पाझर.
- मातीचे पट्टे: तांबडी मुरमाड, मध्यम, काळवट, चोपण, पाणथळ.
- दरवर्षी कुठे काय पेटते: पाचट, बांधाचे गवत, तरवा (भाताची रोपे टाकायची जागा), काजूच्या बागेखालचा पालापाचोळा.
- जैवभार कुठून येतो आणि कुठे जातो: गोठे, उकिरडे, भाताच्या पिंजराच्या गंज्या, विकला जाणारा कडबा, गुऱ्हाळाकडे जळणासाठी जाणारी चिपाडे.

चौथा रंग लोक नेहमी विसरतात, आणि पुढचा निम्मा आराखडा त्याच्यावरच उभा असतो.

तपासा: वळिवाच्या पहिल्या जोराच्या पावसात दोघांनी छत्री घेऊन शिवारातून फिरून यावे. कोरड्या दिवसांत काढलेली पाण्याची वाट प्रत्यक्षात निम्म्या ठिकाणी चुकलेली दिसेल. नकाशा तेव्हा दुरुस्त करा आणि मगच बांधाची आखणी करा.

## २. पहिले मोजमाप (एप्रिल-मे, खत टाकण्याआधी)

इथे घाई केली तर पाच वर्षांचे काम मोजताच येत नाही. म्हणून हा टप्पा सविस्तर.

पट्टे पाडा. माती, उतार आणि पीकपद्धत सारखी असलेला भाग म्हणजे एक पट्टा. साधारण ५० एकरांत पाच ते आठ पट्टे निघतात. प्रत्येक पट्ट्याचा नमुना स्वतंत्र ठेवा.

नमुना घ्या. पट्ट्यात नागमोडी चालत १५ ते २० ठिकाणे निवडा. वरचा काडीकचरा बाजूला करा, माती खरवडू नका. ० ते १५ सेंमी आणि १५ ते ३० सेंमी असे दोन थर वेगळ्या घमेल्यांत घ्या. खताची मात्रा ठरवण्याच्या तपासणीसाठी वरचा थर पुरतो. कर्बासाठी दोन्ही लागतात, कारण नांगरट थांबवली की कर्ब वरच्या थरात गोळा होतो आणि फक्त तोच थर पाहिला तर वाढ आहे त्यापेक्षा मोठी दिसते. ढेकळे फोडून माती मिसळा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाका, आणि शेवटी अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा. सावलीत वाळवा.

बांधालगत, झाडाखाली, जुन्या उकिरड्याच्या जागी, गोठ्याच्या उताराला किंवा खत टाकून दोन महिने झाले नसतील तिथे नमुना घेऊ नका.

घनता मोजा. कर्बाची टक्केवारी म्हणजे कर्बाचे वजन नव्हे, त्यासाठी मातीची घनता लागते. ५ सेंमी आतला व्यास आणि १० सेंमी उंचीची लोखंडी नळी मातीत सरळ ठोकून न दाबता काढा. तिच्यात १९६ घन सेंमी माती मावते. ती १०५ अंशांवर २४ तास वाळवून वजन २५५ ग्रॅम भरले, तर घनता १.३.

खानापूर आणि बेळगाव पश्चिम भागातल्या मुरमाड जमिनीत एक सापळा आहे. प्रयोगशाळा कर्ब मोजते तो २ मिमी चाळणीतून खाली पडलेल्या बारीक मातीचा. घनता मात्र खड्यांसकट काढली जाते आणि कर्बाचा साठा कागदावर फुगतो. नळीतली माती वाळवून चाळा, फक्त बारीक मातीचे वजन घ्या आणि ते पूर्ण नळीच्या घनफळाने भागा.

काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीचा प्रश्न वेगळा आहे. चिकोडी, रायबाग, अथणी पट्ट्यात तपासणी ‘सेंद्रिय कर्बा’ची, वॉकली-ब्लॅक पद्धतीने मागा. ‘एकूण कार्बन’ मोजून घेतला तर चुनखडीतला कार्बनही त्यात येतो आणि आकडा निरुपयोगी होतो.

माती तपासणीची चौकशी कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात, बैलहोंगल तालुक्यातल्या मत्तिकोप्पच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा धारवाडच्या कृषी विद्यापीठात करता येते. पुढच्या वेळीही त्याच प्रयोगशाळेत, त्याच पद्धतीने आणि त्याच महिन्यात तपासा. काळी माती ओलाव्यानुसार फुगते आणि आकसते, त्यामुळे महिना बदलला तरी घनता बदलते.

हिशेब. कर्ब टक्के × घनता × खोली (सेंमी) = टन प्रति हेक्टर. ०.४५ × १.३ × ३० म्हणजे १७.५ टन. २.४७ ने भागले की एकरी सुमारे ७.१ टन. कार्बन डायऑक्साइडमध्ये सांगायचे तर ३.६७ ने गुणा.

ढोबळ प्रतवारी अशी: ०.५० टक्क्यांखाली कमी, ०.५० ते ०.७५ मध्यम, त्यावर चांगला.

सावधान: ३० सेंमी खोलीपर्यंत कर्ब ०.१ टक्क्याने वाढवायचा म्हणजे एकरात सुमारे १.६ टन कर्ब टिकवायचा. तीन टन वाळलेल्या पाचटात कर्ब साधारण १.३ टन असतो. त्यातला जेमतेम दहावा हिस्सा दीर्घकाळ मातीत राहतो, बाकीचा जिवाणू खातात आणि हवेत सोडतात. म्हणजे नुसत्या पाचटावर ०.१ टक्का वाढायला दहा-बारा वर्षे लागतील. दोन वर्षांत कर्ब दुप्पट करून देतो म्हणणाऱ्याला हा हिशेब मांडून दाखवा.

## ३. गळती थांबवा (पहिले पूर्ण वर्ष)

पहिल्या वर्षी नवे काही फार लावू नका. आहे तो कर्ब जाळणे, उघडा टाकणे आणि वाहून जाऊ देणे, एवढे थांबले तरी वर्ष सार्थकी लागले.

### ऊसपट्टा: निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणी

खोडव्यात पाचट ठेवण्याचा क्रम:

१. तोड संपली की आठवड्याच्या आत वर राहिलेले बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटा. उंच बुडख्याचे वरचे डोळे फुटले तर फुटवा कमजोर येतो.

२. पाचट सरीत दाबा, बुडखे उघडे ठेवा. बुडख्यावर पाचट राहिले की फूट पिवळी पडते, मग लोक म्हणतात पाचटाने खोडवा बसला.

३. एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू कल्चर. एकरी चार टन पाचट धरले तर ३२ किलो, ४० किलो आणि ४ किलो. कल्चर ओलसर शेणखतात मिसळून पसरा. रासायनिक खताच्या बादलीत ते टाकू नका.

४. लगेच पाणी द्या. कोरड्या पाचटावर पडलेला युरिया अमोनिया होऊन उडून जातो.

५. बगला (वरंब्याच्या बाजू) फोडू नका. पुढचे खत पहारीने भोक पाडून, बेटापासून वीतभर अंतरावर द्या आणि भोक बुजवा.

आपले पाचट आपण पेटवत नाही, शेजाऱ्याची ठिणगी येते. बांधाच्या आत सहा फुटांचा पट्टा चारी बाजूंनी साफ ठेवा. तोडणी टोळीच्या मुकादमाशी उसाला कोयता लागण्याआधीच बोलून घ्या. तोडीचा वेग वाढवायला उभ्या उसाचा पाला पेटवण्याची सवय काही टोळ्यांना आहे, आणि ऐन तोडीत वाद घालून काही साधत नाही.

कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेच्या काठी आणि कालव्याखाली जमीन खारवट किंवा पाणथळ झाली असेल तर पाचट, कंपोस्ट सगळे नंतर. आधी निचरा. मुळांशी पाणी उभे राहते तिथे पीकच वाढत नाही, तर कर्ब येणार कुठून? चर काढा किंवा जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाका, पाणी नैसर्गिक नाल्यात सोडा. मग धैंचा हे हिरवळीचे पीक घ्या, त्याला खारटपणा बराच सोसतो. जिप्सम फक्त चोपण जमिनीला लागते, म्हणजे सामू (pH) ८.५ च्या वर आणि सोडियम जास्त असेल तेव्हा. नुसत्या खारवट जमिनीत जिप्समची पोती ओतून काही होत नाही.

### भातपट्टा: येळ्ळूर, वडगाव, शहापूर शिवार आणि खानापूर

धूळवाफ पेरणीच्या भाताला हिरवळीचे पीक आधी घ्यायला वेळच नसतो, त्यामुळे पुस्तकातला ‘ताग गाडा, मग भात’ हा सल्ला इथे बसत नाही. त्याऐवजी बांधावरच्या गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) पाला कोळपणीच्या वेळी ओळीत टाका. नट्टीच्या (रोपलावणीच्या) भातात धैंचा जमतो. पण तो गाडल्यावर दोन आठवडे पाणी साठवू नका. हिरवा पाला उभ्या पाण्यात कुजला की मिथेन वायू सुटतो, आणि मातीत मिळवलेले हवेत घालवल्यासारखे होते.

उन्हाळी भात घेत असाल आणि पाणी तुमच्या हातात असेल तर पाणी आलटून-पालटून द्या. ३० सेंमी लांब, १० ते १५ सेंमी रुंद पाइपला खालच्या निम्म्या भागात भोके पाडून ती अर्धी मातीत गाडा. आतले पाणी जमिनीच्या पातळीखाली १५ सेंमी गेले की पाणी द्या, त्याआधी नको. फुलोऱ्यात मात्र पाणी तुटू देऊ नका. बळ्ळारी नाल्याच्या पुरात बुडणाऱ्या शिवारात खरिपाला हे करता येत नाही, तिथे प्रयत्नही करू नका.

कापणीनंतर जमीन नांगरून उघडी टाकू नका. ओल आहे तोवर मसूर, हरभरा किंवा वाटाणा पेरा. कापणीआधी दहा-बारा दिवस उभ्या भातात मसूर फोकता आली तर नांगरटीचा खर्चही वाचतो. त्यासाठी जमीन ओली हवी, पण पाणी साचलेली नको. पिंजर जनावरांचे आहे, ते शेतात पसरा असे कोणी सांगितले तर ऐकू नका. ते शेण होऊन परत आले पाहिजे, एवढे पाहा.

### माळ आणि काजू

खानापुरात आणि बेळगावच्या पश्चिम भागात फेब्रुवारी ते एप्रिल वणव्याचे दिवस. जानेवारीअखेर शिवाराच्या कडेने दहा फुटांची जाळरेषा (गवत काढून मोकळा केलेला पट्टा) काढा. काजूखालचा पालापाचोळा पेटवून ‘साफ’ करण्यापेक्षा बुंध्यापासून दोन फूट सोडून आळ्यात पसरा. तरवा भाजायचा नसेल तर गादीवाफा करून त्यात चाळलेले कंपोस्ट मिसळा. तणाची एक निंदणी वाढते, हे मान्य करूनच तो निर्णय घ्या.

## ४. पाणी अडवणे आणि सोडणे

एकाच जिल्ह्यात कणकुंबीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि अथणीकडे सहाशेच्या आसपास. त्यामुळे बांधाचे एकच चित्र दोन्हीकडे चालत नाही.

अथणी, रायबागच्या कोरड्या भागात समपातळीत बांध घाला आणि पाणी आतच मुरू द्या. खानापुरात तसाच बंद बांध घातला तर जुलैत फुटतो आणि आधी नव्हती अशी घळ पडते. तिथे बांधाला किंचित ढाळ हवा, प्रत्येक बांधाला दगडी सांडवा हवा, आणि एका बांधाचा सांडवा खालच्या बांधाच्या सांडव्याच्या अगदी रेषेत नको.

समपातळी काढायला महाग यंत्र लागत नाही. दोन सात फुटी काठ्या, मध्ये आडवी काठी, वरून ओळंबा सोडलेली ए-चौकट चालते. पाण्याची पारदर्शक नळी असेल तर आणखी सोपे. आखणी नेहमी माथ्यावरून खाली आणा. ओढ्यात आधी बंधारा बांधून माथा तसाच सोडला तर दोन पावसाळ्यांत बंधारा गाळाने भरतो.

बांध ताजा असतानाच, जून-जुलैत, त्यावर वाळा लावा. ठोंब वीतभर किंवा त्याहून कमी अंतरावर हवेत, मध्ये फट राहिली की पाणी तिथूनच वाट काढते. चाऱ्याची गरज असेल तर एका ओळीला नेपियर गवत ठेवा, पण नेपियर पिकाच्या मुळात शिरतो, म्हणून तो बांधाच्या बाहेरच्या अंगाला. बांध-चर ग्रामपंचायतीच्या उद्योग खात्रीच्या (रोजगार हमीच्या) कामांत घेता येतील का, याची चौकशी हिवाळ्यातच करून ठेवा. मे महिन्यात विचारून उपयोग नसतो.

## ५. जैवभाराचा हिशेब

‘एकरी पाच टन शेणखत’ असे आराखड्यात लिहिणे सोपे आहे. एक मोठे जनावर दिवसाला सुमारे दहा किलो शेण देते, वर्षाला साडेतीन टन. कुजून त्याचे दीड ते दोन टन होतात. म्हणजे पाच टनांसाठी एकरी तीन जनावरे हवीत. शिवारातली जनावरे मोजा आणि खत किती एकरांना पुरते ते प्रामाणिकपणे लिहा. उरलेल्या एकरांसाठी दुसरे मार्ग:

हिरवळ. ताग किंवा धैंचा, एकरी २० ते २५ किलो बी. ४५ ते ५० दिवसांनी, फूल येण्याच्या सुमारास गाडा. उशीर झाला की खोड जून होते, कुजायला वेळ घेते आणि पुढच्या पिकाला सुरुवातीला नत्र कमी पडते.

गिरिपुष्प. अंगठ्यापेक्षा जाड, हातभर ते तीन फूट लांब फांद्या मृगात बांधावर एक मीटर अंतराने खोचा. चौकोनी एक एकराची परिमिती सुमारे २५० मीटर, म्हणजे २५० झुडपे. वर्षभर हात लावू नका. मग कमरेच्या उंचीवर वर्षातून दोन-तीन छाटण्या. जमलेल्या झुडपाकडून वर्षाला चार-पाच किलो हिरवा पाला धरला तर एकरी टनाच्या पुढे जातो, आणि तो वाहून आणायचा खर्च नाही.

कंपोस्ट. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, भिंतीत भोके असलेल्या नाडेप टाकीत साधारण दीड टन काडीकचरा, शंभर किलो शेण आणि भरपूर चाळलेली माती थराथराने बसते. टाकी एकदोन दिवसांतच भरून लिंपा. महिनाभर थोडे-थोडे टाकत राहिलात तर तो उकिरडाच होतो. तीन ते चार महिन्यांत खत तयार. ते तयार झाल्याची खूण म्हणजे मुठीत दाबले की गोळा होतो, हाताला वास मातीचा येतो, शेणाचा नाही.

कच्चे शेणखत शेतात गेले की हुमणीला (मुळे खाणाऱ्या अळीला) आमंत्रण मिळते. हलक्या जमिनीतल्या ऊस आणि भुईमुगात याचा फटका मोठा बसतो. वळिवाच्या पहिल्या पावसानंतर माळावरच्या हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी कडुलिंब आणि बाभळीवर जमतात. ते सगळ्या शिवाराने एकाच आठवड्यात झाडून रॉकेलच्या पाण्यात टाकले तर उपयोग होतो, एकट्या शेताने केले तर नाही.

तंबाखूच्या काड्या. निपाणी भागातला खास प्रश्न. या काड्या किंवा त्यांचे कंपोस्ट टोमॅटो, मिरची, वांगी यांच्या वाफ्यात कधीही टाकू नका. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू वाळलेल्या अवशेषांतही टिकून राहतो. त्यांचा कोळसा करा. खड्ड्यात वरून पेटवून, थराथराने भरून, राख होण्याआधी पाण्याने विझवा. कोळसा कोरडाच शेतात टाकला तर तो आधी मातीतले अन्नद्रव्य स्वतः शोषून घेतो, म्हणून गोमूत्रात किंवा ओल्या कंपोस्टमध्ये दोन-तीन आठवडे मुरवा. तो विम्लधर्मी असतो. खानापूरच्या आम्लधर्मी तांबड्या मातीला मानवतो, अथणीच्या काळ्या मातीत सामू आणखी वर नेतो. तिथे वापरू नका.

जीवामृताबद्दल एवढेच: २०० लिटर पाण्यात १० किलो शेण आणि दोन किलो गूळ, त्याने एकरात कर्ब किती जाणार? जिवाणू वाढायला त्याची मदत होत असेल, पण खायला पालापाचोळाच नसेल तर त्या जिवाणूंनी जगायचे कशावर? आच्छादनाच्या हिशेबात जीवामृत धरू नका.

## ६. ताटावरून पेरणी

आता पीक ठरवा. बहुतेक गट उलटे करतात: आधी ‘बहुपीक’ पेरतात, मग गिऱ्हाईक शोधतात.

प्रत्येक घराला वर्षभरात बाजारातून काय आणता ते विचारा. डाळी, तेल, भाजी, जोंधळा, नाचणी, गूळ, सगळे किलोत लिहा. उदाहरणार्थ, पाच माणसांच्या घरात दिवसाला २०० ग्रॅम डाळ लागते असे धरा. वर्षाला ७३ किलो. २० घरांना सुमारे साडेचौदा क्विंटल. एकरी चार क्विंटल उतारा धरला तर सुमारे पावणेचार एकर कडधान्य हवे. भाताच्या मागे मसूर-हरभरा आणि सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी घेतल्या तर वेगळी जमीन न गुंतवता हे क्षेत्र निघते. तुरीची मुळे खोल जातात आणि पाने शेतातच गळतात, हा कर्बाचा फायदा वरचा.

पट्ट्यानुसार काही जोड्या:

- मुरमाड उतार: नाचणी, कडेने हुलगे. रताळी घ्यायची तर बांध भक्कम हवा, कारण काढणीत सगळी माती उलथली जाते. काढल्या-काढल्या तिथे आच्छादनाचे पीक टाका.
- मध्यम जमीन: भुईमूग किंवा सोयाबीन, त्यात तूर. मागून शाळू किंवा हरभरा.
- ऊस: साडेचार-पाच फुटी सरीत लागणीच्या वेळी भुईमूग, हरभरा किंवा पालेभाजी.
- भाजीपट्टा (कडोली, सांबरा भागासारखा): वर्षातून एकदा तरी ताग. भाजीच्या जमिनीला सर्वांत जास्त मशागत बसते आणि कर्ब तिथेच सर्वांत लवकर उतरतो.

जंगलालगत खानापुरात रताळी किंवा ऊस ठेवू नका. रानडुकरे आणि गवे ते शोधतच येतात. त्या पट्ट्यात काजू, कोकम, हळद, आले बरे.

बेळगावची भाजी गोव्याला जाते, तो बाजार सोडायचे कारण नाही. शिवारातल्या घरांची गरज आधी बाजूला काढा, मग शनिवारचा बाजार, मग गोव्याची गाडी, असा वाटा हंगामाआधी लिहून ठेवा. दर वर गेला की हा वाटा मोडतो, म्हणून तोंडी ठेवू नका.

## ७. झाडे, दुसऱ्या वर्षापासून

बांध एक पावसाळा टिकला, वणवा थांबला आणि चराई ठरली, की मग झाडे. त्याआधी लावलेली रोपे शेळ्या आणि आग यांच्यासाठीच असतात.

उंच झाडे शेताच्या उत्तर बांधाला लावा. आपल्याकडे हिवाळ्यात सावली उत्तरेकडे पडते, त्यामुळे तुमचे रब्बीचे पीक वाचते. पण ती सावली उत्तरेच्या शेजाऱ्यावर जाते. आंबा-फणसासारखे झाड सामाईक बांधावर घालण्याआधी त्याच्याशी बोला, फळ आणि लाकडाचा वाटा लिहून ठेवा. सर्वांत बरी जागा म्हणजे शिवाराचा रस्ता, ओढ्याचा काठ आणि माथा.

खानापूर-बेळगाव पश्चिम: फणस (१० मीटर), काजू (७ मीटर), आंबा, जांभूळ, कोकम. चिकोडी-अथणी: चिंच, सीताफळ, बोर, पेरू, शेवगा (अडीच ते तीन मीटर), कडुलिंब. खड्डे एप्रिल-मेमध्ये काढून उन्हात तापू द्या. भरताना वरची माती खाली, दोन घमेली कुजलेले खत, आणि कोरड्या भागात बुडाशी पालापाचोळा. पहिले दोन उन्हाळे पाणी कोण घालणार, त्याचे नाव नकाशावर लिहिलेले नसेल तर ते झाड लावू नका.

निलगिरी आणि अकेशिया भराभर वाढतात, कागदावर कार्बन चांगला दिसतो. ताटात काही येत नाही आणि खालची ओल जाते. माळाचे जुने गवत किंवा देवराईचा भाग मोडून तर काहीच लावू नका. तिथला कर्ब आधीच जमिनीत आहे.

सावधान: कर्नाटकात १९७६ चा वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे. जे झाड पुढे तोडून विकायचे आहे त्याला परवानगी लागते का, हे लावण्याआधी वन खात्याच्या कार्यालयात विचारा. लावलेल्या झाडांची नोंद पहाणीवर करून घ्या.

## ८. नोंदी, करार आणि पुन्हा माप

प्रत्येक पट्ट्याची एक वही ठेवा: नांगरट आणि कुळवणी किती वेळा, डिझेल, युरियाची पोती, आत आलेला आणि बाहेर गेलेला जैवभार, जमीन उघडी राहिलेले महिने. युरियाचा आकडा मुद्दाम. जास्तीच्या नत्रातून निघणारा नायट्रस ऑक्साइड कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता धरतो, त्यामुळे कर्ब वाढवून युरिया दुप्पट केला तर हिशेब उलटू शकतो.

कार्बन क्रेडिटचा (साठवलेला कार्बन विकण्याच्या हक्काचा) कागद घेऊन कोणी आले तर सहीआधी हे विचारा:

- करार किती वर्षांचा? मध्ये जमीन विकली, वाटणी झाली किंवा खंडाने दिली तर काय?
- माती तपासणीचा खर्च कोणाचा, आणि तो पैशातून आधी वजा होतो का?
- क्रेडिट विकले गेले नाही तर हाती काय?
- आधीपासून असलेली झाडे आणि आधीपासून चालू असलेली पद्धत धरली जाते का? बहुतेक ठिकाणी धरली जात नाही, म्हणून दुसऱ्या टप्प्यातले माप आणि तारीख जपून ठेवा.
- करारात नांगरट किंवा झाडतोड केल्यास पैसे परत करण्याचे कलम आहे का?

कागद तुम्हाला वाचता येईल अशा भाषेत मागा, नाहीतर वकिलाकडून वाचून घ्या. वाटेकऱ्याने केलेल्या कामाचे पैसे मालकाच्या खात्यावर जातात, तो वाटा करारातच लिहा.

दरवर्षी कर्ब तपासू नका. एका वर्षाचा बदल प्रयोगशाळेच्या नेहमीच्या फरकातच बुडून जातो. मधल्या काळात फावडे पुरेसे आहे: पावसानंतर फूटभर खड्ड्यात गांडुळे किती दिसतात, मूठभर ढेकूळ पाण्याच्या ग्लासात टाकल्यावर टिकते की लगेच विरघळते, ओढ्याचे पाणी गढूळ किती दिवस राहते. पाचव्या वर्षी त्याच खुणांवर, त्याच महिन्यात, दोन्ही थरांचे नमुने आणि घनता पुन्हा घ्या. घनता कमी झाली असेल तर त्याच ३० सेंमी खोलीत आता माती कमी वजनाची भरते आणि कर्ब घटल्यासारखा दिसू शकतो. अशा वेळी दोन-तीन सेंमी खालचा थरही घेऊन पहिल्या वर्षाइतक्याच मातीच्या वजनावर तुलना करा.